खिडकीचा बाहेरचा पट्टा संगणकावर कसा काढावा

खंडाळा म्हटले की बाहेरगावचा माणूस लोणावळ्याकडचे समजतो. आम्ही लिहीत आहोत ते सातारा जिल्ह्यातील, खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या खंडाळ्याविषयी. पुणे-सातारा महामार्गाच्या दोन्ही अंगांना बंगल्यांची आणि दुकानांची बांधकामे चालतात. आपले सुतार, गवंडी, फरशीवाले बांधव या कामांवर असतात. हात चांगला आहे, पण मालक आता विचारतो, "खिडकी बाहेरून कशी दिसेल ते आधी दाखवा." चित्र दाखवणारा काम घेऊन जातो आणि आपला मिस्त्री त्याच्या हाताखाली रोजावर राहतो. म्हणून या वेळी खिडकीभोवतीच्या बाहेरच्या पट्ट्याचा धडा घेतला आहे.

आधी आमचीच चूक सांगतो. एका बंगल्याच्या दगडी पट्ट्यांचे काम आम्ही घेतले होते. खिडक्या 1200 बाय 1200 मिलिमीटर, पट्टा 100 मिलिमीटर रुंद. स्केचअपमध्ये भिंत काढली, खिडकी बसवली आणि पट्टा वेगळा काढून भिंतीवर ठेवून दिला. पुढे मालकाने स्वयंपाकघराच्या दोन खिडक्या 1500 रुंद केल्या. आम्ही खिडक्या वाढवल्या. पट्टा मात्र जुन्या मापाचाच राहिला, कारण तो खिडकीला जोडलेलाच नव्हता. इमारत मागच्या बाजूने फिरवून पाहण्याचा आळस केला आणि त्याच चित्रावरून कापणीची यादी दिली. वरच्या-खालच्या चार पट्ट्या 1700 लांब हव्या होत्या, त्या 1400 च्या कापून आल्या. लाकूड असते तर सांधले असते. दगड कसा सांधणार? नुकसान आम्हीच सोसले.

जुना सुतार चौकट आधी उभी करी आणि गवंडी तिच्याभोवती भिंत रची. पट्टा हा चौकटीचा नातेवाईक, भिंतीचा नव्हे. संगणकावरही हेच धरून चालावे.

स्केचअपमध्ये भोकाच्या चारही कडा निवडाव्यात. पट्ट्याचा आडवा छेद एका कोपऱ्याजवळ, कडेशी काटकोनात काढावा. मग 'फॉलो मी' हे हत्यार घेऊन त्या छेदावर क्लिक केले की पट्टा चारही बाजूंनी फिरतो आणि कोपरे आपोआप 45 अंशांत जुळतात. त्यानंतर चौकट, काच आणि पट्टा मिळून एकच 'कंपोनंट' करावा. त्यातला 'कट ओपनिंग' हा पर्याय भिंतीचा एकच पृष्ठभाग कापतो. भिंत 230 मिलिमीटर जाडीची असेल तर आतला पृष्ठभाग वेगळा कापावा लागतो. नवशिका येथे हमखास अडतो.

खिडकी रुंद करायची झाल्यास 'स्केल'ने ताणू नये, कारण उभ्या बाजूंचे पट्टेही ताणून रुंद होतात. आधी 'मेक युनिक' करावे, नाहीतर घरातल्या सगळ्याच खिडक्या बदलतील. मग आत जाऊन चौकटीची आणि पट्ट्याची एक बाजू पूर्ण निवडावी आणि 'मूव्ह'ने 300 मिलिमीटर सरकवावी. रेव्हिटमध्ये पट्टा 'स्वीप'ने खिडकीच्या फॅमिलीतच काढून मापांना बांधला की तो स्वतःच मागे येतो. पण ते विकतचे आणि महाग आहे. स्केचअपची फुकट आवृत्ती व्यापारी कामासाठी नाही, तिच्यावर फक्त शिकावे. फ्रीकॅड फुकट आहे आणि धंद्यालाही चालते.

आता गिलावा. बाहेरचा गिलावा साधारण 20 मिलिमीटर असतो. विटेच्या अंगावर 40 मिलिमीटर जाड पट्टा काढला तर गिलाव्यानंतर 20 च बाहेर दिसतो, आणि मालक म्हणतो की चित्रात सावली पडत होती, येथे पडत नाही. त्याचे म्हणणे बरोबरच असते. म्हणून चित्रात भिंतीवर गिलाव्याचा थर दाखवावा आणि पट्ट्याचा उठाव त्याच्यापुढे मोजावा.

दर देतानाही हेच चित्र उपयोगी पडते. 1200 च्या चौरस खिडकीला भोकाच्या मापाने 4.8 मीटर पट्टा दिसतो. पण कोपरे धरून बाहेरची लांबी 1400 गुणिले 4, म्हणजे 5.6 मीटर भरते. एका खिडकीला 0.8 मीटरची तूट. चौदा खिडक्यांना 11.2 मीटर दगड आपल्या खिशातून जातो.

खालचा सिल मात्र वेगळा काढावा. त्याला बाहेर उतार हवा आणि पुढच्या कडेपासून थोडे आत, तळाला, पाणी तुटण्यासाठी सुमारे 10 मिलिमीटरची खाच हवी. ही खाच चारही बाजूंच्या छेदात काढली तर वरच्या नि उभ्या पट्ट्यांतही ती फिरून येते आणि कापणारा तशीच कापून देतो. खाच नसली की पाणी सिलच्या तळाने मागे भिंतीकडे येते आणि पहिल्याच पावसाळ्यात रंगावर काळे ओघळ उमटतात.

यादी कारखान्यात पाठवण्यापूर्वी टेप घेऊन जागेवर जावे. प्रत्येक भोक वर, मध्ये आणि खाली मोजावे. गवंड्याच्या हातून दहा-पंधरा मिलिमीटरचा फरक पडलेला असतोच. तो चित्रात उतरवून मगच कापणीला द्यावे.