जेनेट रँकिन : युद्धाला दोनदा 'नाही' म्हणणाऱ्या खासदार



थोरांची ओळख करून देताना आपण बहुधा जिंकलेल्यांच्याच गोष्टी सांगतो. आज मतदानात दोनदा हरलेल्या बाजूच्या एका बाईंविषयी वाचूया.

जन्म व सुरुवात : जेनेट रँकिन यांचा जन्म ११ जून १८८० रोजी अमेरिकेतील मोंटानात, मिसुला गावाजवळ झाला. १९०२ मध्ये जीवशास्त्राची पदवी घेऊन काही काळ त्यांनी शाळेत शिकवलं. पुढे त्या स्त्रियांच्या मताधिकार चळवळीत उतरल्या. १९१४ मध्ये मोंटानातल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि १९१६ मध्ये रँकिन अमेरिकी संसदेच्या पहिल्या स्त्री सदस्य म्हणून निवडून आल्या. विशेष म्हणजे तेव्हा अनेक राज्यांत बायकांना मत देता येत नव्हतं!

पहिला नकार : एप्रिल १९१७ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्यावर मतदान झालं. विरोधात ५० मतं पडली, त्यांत एक रँकिन यांचं. त्यांच्यावर खूप टीका झाली. १९१८ मध्ये सिनेटची निवडणूक त्या हरल्या.

दुसरा नकार : १९४० मध्ये त्या पुन्हा निवडून आल्या. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी मतदान झालं : ३८८ विरुद्ध १. ते एक मत रँकिन यांचं! संतापलेल्या जमावामुळे त्यांना टेलिफोन बूथमध्ये आसरा घ्यावा लागला. पुढची निवडणूक त्यांनी लढवली नाही.

नंतरचं आयुष्य : गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या. १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या स्त्रियांच्या मोर्चाचं त्यांनी नेतृत्व केलं. १८ मे १९७३ रोजी त्यांचं निधन झालं.

वर्गात काय करता येईल? पाचवीच्या पुढच्या मुलांना विचारा : देशावर हल्ला झालेला असताना रँकिन यांनी योग्य केलं का? ते ३८८ जण चुकीचे होते का? घाईने उत्तर सांगू नका. दोन्ही बाजूंना वजन आहे, मुलांना ते तोलू द्या. शांतता हवी म्हणणं सोपं असतं. सगळे विरोधात असताना ते म्हणणं किती कठीण, हे या चर्चेतून मुलांना उमगेल.

आणि एक प्रश्न आपल्यासाठी : सगळ्या वर्गाचे हात एका बाजूला आणि एकाच मुलाचा दुसऱ्या बाजूला असेल, तर आपण त्याला गप्प करतो, की "का रे बाळा, तुला असं का वाटतं?" असं विचारतो?