ऑर्डरच्या वहीत आधी सुट्टीची तारीख

मी डोंबिवलीत राहते आणि घरच्याच स्वयंपाकघरातून नानकटाई, कुकीज, मावा केक, ड्रायफ्रूट केक करून विकते. गणपती गेले की पितृपक्षात जरा उसंत मिळते. मग घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत ओव्हन थंड म्हणून होत नाही. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा या हंगामात हाती येतो. आणि याच हंगामानंतर माझ्या ओळखीच्या कितीतरी गुणी मुलींनी हे काम कायमचं सोडलं आहे. त्यांच्या मालाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. हात थकले, घरचे वैतागले, आणि हिशेब मांडला तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं. यंदा पहिल्यांदाच दिवाळीच्या ऑर्डर घेणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. सांगायचं ते एकच: हंगाम सुरू होण्याआधी तो कोणत्या दिवशी संपणार हे ठरवा, आणि बाकीचं सगळं त्या तारखेपासून उलटं मोजत या.

ओव्हनचा हिशेब आणि हातांचा हिशेब

"किती ऑर्डर घेऊ?" हे नवीन मुली विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ओव्हन असतो. साठ लिटरच्या ओटीजीत दोन ट्रे बसतात, नानकटाईला १६० अंशांवर वीसेक मिनिटं लागतात, म्हणजे दिवसाला इतके किलो सहज होतील. पण ट्रे बाहेर आला की नानकटाई जाळीवर पूर्ण गार व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. कोमट नानकटाई डब्यात भरली तर झाकणाला आतून दमटपणा धरतो, खुसखुशीतपणा जातो आणि बुरशीचीही भीती असते. गार झाल्यावर वजन करायचं, बटर पेपर घालायचा, झाकण, लेबल, रिबन. पाव किलोचा एक डबा नीट भरायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात. शंभर डब्यांचे पाच-सहा तास झाले. हे तास ओव्हनच्या हिशेबात येतच नाहीत, म्हणून ते रात्रीच्या झोपेतून काढावे लागतात.

तेव्हा रोजचे डबे किती, हे भरणाऱ्या हातांवरून ठरवा. सोबतीला सासूबाई, जाऊबाई किंवा शेजारची मुलगी असेल तर तिच्या तासांचे पैसे दरात धरा आणि तिला ते खरोखर द्या. "घरचीच तर आहे" म्हणून फुकट घेतलेली मदत पुढच्या वर्षी मिळत नाही. गॅस, वीज, डबे, रिबन, पोचवण्याचा खर्च आणि स्वतःची मजुरी धरूनच दर ठरवा. शेजारच्या बाईपेक्षा पाच रुपये कमी, या पद्धतीने ठरवलेला दर शेवटी अंगावर येतो.

ऑक्टोबर हीटचाही हिशेब लागतो. आमच्याकडे दुपारी स्वयंपाकघरात उभं राहवत नाही, आणि लोणी तर तिशी ओलांडली की ढिलं पडायला लागतं. मी पीठ पहाटे मळते, गोळे ट्रेवर मांडून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते आणि मगच भाजते. नाहीतर नानकटाई पसरून चपटी होते आणि कडेने जास्त भाजते. अक्रोड, बदाम, काजू घेतल्या घेतल्या हवाबंद करून फ्रिजमध्ये टाका. उन्हाळ्याइतकाच ऑक्टोबरही त्यांना खवट करतो, आणि एक खवट अक्रोड अख्ख्या केकची चव घालवतो.

ऐनवेळी वाढलेला आकडा

एका वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी एका ऑफिसने आपली ऑर्डर दुप्पट केली. गिऱ्हाईक जुनं, ॲडव्हान्स आलेला, बोलण्यात अजिजी. आम्ही घरातले सगळे रात्रभर बसलो. डबे ठरल्या वेळी तयार होते, पण न्यायला माणूस आला तो दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर. पहाटेच माझ्या उजव्या मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू झाली होती. संध्याकाळी बरणीचं झाकण फिरेना. एकाच तऱ्हेची हालचाल सतत केल्याने तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज आली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. पट्टा बांधायचा आणि काही आठवडे मळणं, आयसिंगची पिशवी पिळणं बंद. भाऊबीजेच्या ऑर्डरचे पैसे मला परत करावे लागले. दिवाळीनंतर गोव्यातल्या दिवाडी बेटावर सुट्टीला जायचं ठरलं होतं, तेही राहिलं.

तेव्हापासून ऑर्डर घेताना मी चार गोष्टी लिहूनच पाठवते. आकडा वाढवायचा असेल तर पाच दिवस आधी. वाढीव मालाचे पैसे पूर्ण आणि आगाऊ. डबे न्यायचा दिवस आणि वेळ ठरलेली. आणि वसुबारसेनंतर नवीन ऑर्डर नाही. नकार कसा द्यायचा या विचारानेच पुष्कळ जणी होकार देऊन बसतात, म्हणून माझा निरोप इथे देते, खुशाल वापरा: "यंदाच्या दिवाळीच्या ऑर्डर पूर्ण झाल्या आहेत. तुमच्यासाठी घाईत केलेला माल द्यायचा नाही, म्हणून नाही म्हणते. तुळशीच्या लग्नानंतर नक्की करून देईन." असा निरोप गेल्यावर कोणी रागावल्याचं मला आठवत नाही. पुढच्या वर्षी तीच माणसं नवरात्राआधी फोन करतात.

प्रदर्शनातलं टेबल

दिवाळीआधीच्या शनिवार-रविवारी मंगल कार्यालयांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये प्रदर्शनं भरतात. दोन दिवसांत शेकडो नवी माणसं आपला माल चाखतात, हा त्यांचा खरा फायदा. पण टेबलाचं भाडं भरण्याआधी जागा डोळ्यांनी बघून या, आणि ज्या वेळी विक्री असणार त्याच वेळी बघा. मला एकदा पश्चिमेच्या खिडकीखालचं टेबल मिळालं. सकाळी तिथे छान उजेड होता. दुपारी तीननंतर ऊन सरळ टेबलावर आलं, चॉकलेटच्या वड्या मऊ पडून कागदाला चिकटल्या आणि क्रीमचे कपकेक मी एकालाही न विकता टाकून दिले. क्रीम आणि माव्याचे पदार्थ पाच अंशांच्या आत ठेवावे लागतात. पाच ते साठ अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. बाहेरून चांगला दिसणारा कपकेकही पोट बिघडवू शकतो. लहान मूल तो खाणार असतं, हे विसरू नका.

म्हणून प्रदर्शनात फक्त कोरडा माल न्या: नानकटाई, कुकीज, खारी, जिरा बिस्किटं, साधा टी टाइम केक. क्रीम केकचे फोटो लावा आणि ऑर्डर लिहून घ्या. आयोजकांना विचारायच्या गोष्टी: टेबलावर ऊन कधी येतं, वर पंखा आहे का, विजेचे पैसे वेगळे का, खाण्याचे आणखी किती स्टॉल आहेत, सामान किती वाजता आत न्यायचं, आणि प्रदर्शन रद्द झालं तर भाडं परत मिळेल का. तळघरातल्या हॉलमध्ये मोबाइलला रेंज नसते आणि यूपीआय अडकतं, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. कोणत्या तासाला काय खपलं याची टिपणं ठेवा. पुढच्या वर्षी किती माल न्यायचा, ते त्यावरून ठरतं.

डब्यावरची चिठ्ठी

घरून विकत असलात तरी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ आपल्याला लागू आहे. एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर नोंदणी करा, ती ऑनलाइन होते. मिळालेला १४ अंकी क्रमांक डब्यावर छापा. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि कधीपर्यंत खावं ती तारीख, गहू-दूध-सुकामेवा यांचा ठळक उल्लेख, सगळं लिहा. अंडं घातलेला केक आपल्याकडे नियमाने मांसाहारी गणला जातो, म्हणून त्यावर हिरवा ठिपका चालत नाही. चौकोनातला तपकिरी त्रिकोण हवा. कार्तिकाचे उपास-नेम पाळणाऱ्या घरात आपला डबा भेट म्हणून जातो. तिथे ही खूण म्हणजे आपण त्या माणसांना दिलेला शब्द असतो.

टिकण्याची तारीख अंदाजाने टाकू नका. हंगामाआधी केलेल्या घाण्यातला एक डबा तारीख घालून ओट्यावर ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी उघडून वास घ्या, चाखा. ज्या दिवशी पहिल्यांदा चव उतरलेली वाटेल, त्याच्या बरंच आधीची तारीख छापा.

दिवाडीला जाताना

आता सुट्टीचं. कोकण रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जायचं असेल तर दोन महिने मागे मोजा. नेमका पितृपक्ष येतो. म्हणजे पहिली ऑर्डर येण्याआधी तिकीट काढावं लागतं, आणि मला वाटतं आपल्या धंद्याला हेच सोयीचं आहे. ऑर्डर सुरू झाल्यावर सुट्टीला तारीख सापडत नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मात्र निघू नका. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी असते आणि आपल्या अंगात त्राण नसतं. दोन-तीन दिवस झोपा, ओव्हन आतून पुसून काढा, उधारी वसूल करा, हिशेब पुरा करा. तुळशीचं लग्न झालं की नाताळच्या ऑर्डरपर्यंत मोकळी जागा असते. त्यात शनिवार-रविवार धरून जाऊन यायचं. नाताळच्या केकसाठी रममध्ये भिजवायचा सुकामेवा निघण्याआधी भिजत घाला, तो आठवडेच्या आठवडे मुरतो. संत्र्याच्या रसातला मात्र परतल्यावर भिजवा, आणि फ्रिजमध्येच ठेवा.

मनगट बरं झाल्यावर पुढच्या वर्षी आम्ही दिवाडीला गेलो. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस, करमळीला उतरायचं, जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट. मांडवी नदीतल्या या बेटावर जुन्या गोव्याकडून पूल नाही. पायी जाणाऱ्याला बोटीचं तिकीटही नाही. शेवटची बोट किती वाजता, ते धक्क्यावरच विचारून ठेवावं. बेटाच्या मधोमध पिएदादची टेकडी आणि तिच्यावर चर्च, सभोवती खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची बांध घातलेली शेतं. पलीकडच्या धक्क्यावरून नार्व्याला जाता येतं. मूळचा दिवाडीचा देव सप्तकोटेश्वर पोर्तुगिजांच्या काळात तिथे हलवला गेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिथल्या एका पोदेराने, म्हणजे पाववाल्याने. दुपारी त्याच्या भट्टीपाशी उभी होते. आत लाकडाचा जाळ, भिंती काळ्याभोर. कोंड्यात घोळलेल्या पोई, म्हणजे तिथले पाव, तो लांब दांड्याच्या फळीवरून आत सरकवत होता, आणि बघता बघता त्या फुगत होत्या. एकेक पोई बाहेर काढून सायकलवरच्या टोपलीत मोजून ठेवत होता. मी डझनभर मागितल्या. त्याने टोपलीवर कापड ओढलं. "हे घरांचे. फाल्यां सकाळीं येयात." म्हणजे उद्या सकाळी या. टोपलीतला प्रत्येक पाव कोणत्या दारी जायचा ते ठरलेलं होतं. त्याहून जास्त तो भाजत नव्हता, आणि समोर पैसे घेऊन उभ्या असलेल्या पाहुणीसाठी रोजच्या गिऱ्हाइकाचा पाव मोडत नव्हता. सकाळी गेले तेव्हा माझ्या पोई वेगळ्या काढून ठेवलेल्या होत्या. नाही म्हणूनही गिऱ्हाईक कसं राखावं, याचा इतका नेमका धडा मला आणखी कुठे मिळाला नाही.

सुट्टीवर असताना ऑर्डरच्या फोनवर परतण्याची तारीख लिहून ठेवा आणि तो बंद करा. निघण्याच्या आदल्या दोन दिवसांत कोणताही माल पोचवायचा ठेवू नका. बेटावरून आपल्याला मोडलेला केक दुरुस्त करता येत नाही. येण्याच्या दुसऱ्याच दिवशीची ऑर्डरही घेऊ नका. गाडीला उशीर झाला तर विश्रांतीचं सगळं पुण्य त्या एका रात्रीत संपतं.

यंदा सुरू करताय?

मग वही उघडा. पहिल्या पानावर सुट्टीची तारीख लिहा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. त्याखाली ऑर्डर बंद करण्याची तारीख, रोजच्या डब्यांचा आकडा, आणि मजुरी धरून काढलेला दर. पहिल्या वर्षी तीनच पदार्थ करा, पण ते रोज तसेच होतील इतके घोटून करा. मनगट दुखायला लागलं तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा, दिवाळी होऊ दे म्हणू नका. ऑर्डरचा आकडा पूर्ण झाला की जवळच्या दुसऱ्या बेकरचा नंबर द्या. तिच्याकडूनही कधीतरी गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं.

हे काम एका दिवाळीपुरतं नाही. ज्यांना तुमच्या हातची चव आवडते, ती माणसं तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतात. तोवर हात धड राहतील, एवढी काळजी तुम्ही घ्या.