हरहुन्नरी खेळाडू : बेन झोब्रिस्ट

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपण नेहमी ऐकतो. अनेक कामे करणाऱ्याला एकही काम धड येत नाही, असा तिचा रोख असतो. पण ती प्रत्येकालाच लागू पडते का? अमेरिकेतील बेसबॉलपटू बेन झोब्रिस्ट याची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात. चेंडू फेकणारा ‘पिचर’ व तो झेलणारा ‘कॅचर’ यांखेरीज चौघे आतल्या मैदानात, तर तिघे बाहेरच्या मैदानात उभे राहतात. आतल्या मैदानात वेगाने आलेला चेंडू क्षणार्धात अडवून अचूक फेकावा लागतो. बाहेरच्या मैदानात उंच उडालेल्या चेंडूचा अंदाज घेत दूरवर धावावे लागते. गरजेप्रमाणे यांपैकी अनेक जागा सांभाळणाऱ्यास ‘युटिलिटी प्लेअर’ म्हणतात. असा खेळाडू बहुधा राखीव मानला जाई.

झोब्रिस्टचा जन्म १९८१ साली इलिनॉय राज्यातील युरेका या गावी झाला. शालेय शिक्षण संपले, तेव्हा त्याच्यापुढे बेसबॉलची वाट जवळजवळ बंद झाली होती. ५० डॉलर शुल्क भरून तो एका निवड-चाचणीस गेला आणि त्यातून त्याला महाविद्यालयीन संघात स्थान मिळाले. २००६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो टँपा बे संघातर्फे प्रमुख स्पर्धेत उतरला. पहिल्या दोन हंगामांत त्याची फलंदाजी निष्प्रभ ठरली. एखादा निराश होऊन खेळ सोडून देता. झोब्रिस्टने मात्र मिळेल ती जागा स्वीकारली आणि प्रत्येक जागेचे तंत्र आत्मसात केले.

२००९ मध्ये त्याने २७ होमरन फटकावले. मुख्यतः दुसऱ्या बेसवर व उजव्या बाहेरच्या मैदानात खेळणारा हा खेळाडू राखीव न राहता जवळजवळ रोज खेळू लागला. त्या काळी हंगामाच्या बहुतांश भागात संघात २५ खेळाडूच ठेवता येत. एकच जण अनेक जागा सांभाळू लागला, की प्रशिक्षकाला इतर खेळाडूंची निवड मोकळेपणाने करता येई. शिवाय झोब्रिस्ट दोन्ही बाजूंनी फलंदाजी करीत असे.

२०१५ मध्ये तो कॅन्सस सिटीच्या विजेत्या संघात होता. २०१६ मध्ये शिकागो कब्ज संघाकडून खेळताना अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात, ६-६ अशी बरोबरी असता, दहाव्या डावात त्याने आघाडी मिळवून देणारा फटका मारला. १९०८ नंतर प्रथमच कब्जने अजिंक्यपद मिळविले आणि झोब्रिस्ट मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१९ चा हंगाम त्याचा अखेरचा ठरला.

अनेक कामे करणे हा दोष नव्हे. ती अर्धवट करणे हा दोष होय.

पाठगत प्रश्न
१. आतल्या व बाहेरच्या मैदानातील क्षेत्ररक्षणात कोणता फरक आहे?
२. झोब्रिस्टमुळे संघाची कोणती सोय झाली?
३. पाठाच्या आरंभी दिलेली म्हण झोब्रिस्टला लागू पडते का? सकारण लिहा.