राखेखालचें शहर व तेथील दास

इफिसकर व कलस्सैकर ह्यांस लिहिलेल्या पत्रांत पौल दासांस उद्देशून बोलतो. हे दास काय काम करीत, कोठें निजत, हें समजण्यास पाँपेई शहराचें खोदकाम फार उपयोगी पडतें. पौल रोमेस जातांना इटलींतील ज्या पुत्युल बंदरीं उतरला, तेथून हें शहर सुमारें दहा कोसांवर. पुढें वीस वर्षें लोटण्यापूर्वींच, इ. स. ७९ मध्यें, व्हेसुव्हियस ज्वालामुखीनें तें राखेखालीं गाडून टाकलें. १७४८ पासून तें उकरण्यांत येत असून अजून सुमारें तिसरा हिस्सा जमिनीखालींच आहे.

तेथील रंगीत भिंतींविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. तीं चित्रें सुंदर खरीं, पण तीं धन्यांनीं आपल्या आवडीनें काढविलेलीं. आपण भाकरीकडे वळूं. १८६२ सालीं एका भट्टींत ८१ पाव सांपडले. जळून त्यांचा कोळसा झाला, पण आकार मोडला नाहीं: वाटोळे, व तोडण्यास सोपे जावे म्हणून वर खुणा करून आठ भाग पाडलेले. जवळच्या हर्क्युलेनियम गांवींही एक पाव निघाला. त्यावरील शिक्क्यांत केलेर नांवाच्या दासाचें व त्याच्या धन्याचें नांव आहे.

ह्या पावाचें पीठ कसें होई? आपल्या घरचें जातें बायका बसून ओढतात. तेथील भटारखान्याचें जातें सभोंवार फिरून चालवावें लागे. खालचा दगड शंकूसारखा, त्यावर डमरूच्या आकाराची तळी, आणि तिला अडकविलेला लांकडी दांडा. घाण्याच्या बैलाप्रमाणें गाढवें तो ओढीत, व त्यांजबरोबर दासही राबत. २०२३ सालीं असा एक भटारखाना उघडकीस आला. तेथून बाहेरचें जग दिसण्याची सोयच नाहीं. उजेडापुरत्या उंचावर लहान खिडक्या, त्यांसही लोखंडी गज. जनावरांचे पाय नेमके पडावे म्हणून फरशींत खांचा कोरलेल्या आहेत. खोदकाम करणाऱ्यांच्या मतें दास व गाढवें येथें कोंडून ठेवीत.

शहराच्या कोटाबाहेरील एका वाड्यांत २०२१ सालीं दासांची निजण्याची खोली सांपडली. लांकूड व दोर कुजून राखेंत पोकळी राहिली होती; अशा पोकळींत प्लास्टर ओतून मूळ वस्तूचा ठसा घेतात. ही युक्ति १८६३ पासूनची. त्या ठशांवरून तीन खाटा दिसून आल्या, आपल्या बाजेसारख्याच दोरांनीं विणलेल्या. भिंतींस रंग नाहीं, वर एकच लहान झरोका, आणि कोपऱ्यांत सांठवणीचे आठ रांजण. दोन खाटा सुमारें साडेपांच फूट लांब आहेत. तिसरी साडेचार फूटच. तिजवर बहुधा मूल निजत असावें.