बाबांची तिथी कोणती धरायची?

प्रश्न : बाबांना जाऊन वर्ष होत आलं. फ्रीगंजमधले गुरुजी तिथी मार्गशीर्ष कृष्ण पंचमी सांगतात, पुण्याची आत्या कार्तिक वद्य पंचमी. चुकीच्या दिवशी श्राद्ध झालं तर? धास्तीच बसली आहे.
– एक वाचक, उज्जैन

उत्तर : ताई, दोघांचंही बरोबर आहे, दिवस एकच आहे. माळव्यातले महिने पौर्णिमेला संपतात, महाराष्ट्रातले अमावास्येला. म्हणून वद्य पक्षात उज्जैनचा महिना एकाने पुढे दिसतो. शुक्ल पक्षात हा फरक नसतो. पितृपक्षाचंही तसंच : आपला भाद्रपद वद्य, तिकडचा आश्विन कृष्ण. घरच्या वहीत दोन्ही नावं लिहून ठेवा, मुलांचा घोळ होणार नाही.

विधी शिप्राकाठी सिद्धवटाला करा किंवा घरी. पण आत्याला त्या दिवशी उज्जैनला नक्की बोलवा. बाबांचं लहानपण पाहिलेलं माणूस तेच! जेवणं झाली की तिला बोलतं करा, मोबाइलवर आवाज टिपून घ्या. बाबा शाळेत कसे होते, कुणाला घाबरायचे, कशावर रुसायचे, हे तुम्हाला दुसरं कोण सांगणार? रडू आलं तर येऊ द्या, रेकॉर्डिंग थांबवू नका.