साथीचे दोन माउथ-ऑर्गन

माउथ-ऑर्गन हे वाद्य तुमच्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहे. 1958 सालच्या 'सोलवाँ साल'मधील आगगाडीतल्या गीतात व 1964 सालच्या 'दोस्ती'त राहुल देव बर्मन यांनी, आणि 1975 सालच्या 'शोले'त भानू गुप्ता यांनी ते वाजविले. हे सूर ऐकून हे एकट्याने वाजवावयाचे वाद्य होय असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु चित्रगीतात त्याच्या पाठीशी सबंध वाद्यवृंद उभा असतो. सगळेच वादक माउथ-ऑर्गन घेऊन बसले, तर ती साथ कोणी करावी? ह्याकरिताच बास व कॉर्ड अशी दोन निराळी वाद्ये निर्माण झाली.

प्रथम बास पाहू. पेटी व माउथ-ऑर्गन ही भावंडे होत. दोहोंतही हवेने पितळी पट्टी थरथरते व स्वर उमटतो. खर्ज-नर पेटीत जसे एका स्वराबरोबर त्याच्या खालच्या सप्तकातलाही वाजतो, तशा बासच्या प्रत्येक स्वराला सप्तकाच्या अंतराने लाविलेल्या दोन पट्ट्या असतात. बिजागऱ्यांनी जोडलेल्या दोन भागांपैकी एकात शुद्ध स्वर व दुसऱ्यात पेटीच्या काळ्या पट्ट्यांचे स्वर असतात. सारे स्वर केवळ फुंकूनच निघतात.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी उमटणारे तीन-चार स्वर. उदाहरणार्थ सा, ग, प. कॉर्डचा माउथ-ऑर्गन सुमारे 2 फूट लांब असून त्यात असे 48 स्वरसमूह बसविलेले असतात. फुंकल्यास एक व ओढल्यास दुसरा समूह वाजतो. वादक श्वासाच्या झटक्यांनी ठेकाही धरतो. अमेरिकेतील 'हार्मोनिकॅट्स' ह्या मंडळींत एक चाल वाजवी, एक कॉर्ड व एक बास. 1947 साली ह्या तिघांची ध्वनिमुद्रिका तेथे अत्यंत लोकप्रिय झाली.

ह्या साथीचे महत्त्व घरच्या पेटीवर पडताळून पाहा. मधल्या सप्तकातला सा धरून ठेवा. त्याखाली मंद्र सा वाजवा. स्वर घरी परतल्यासारखा वाटेल. आता वरचा सा तसाच ठेवून खाली मंद्र म वाजवा. वरचा स्वर तोच, पण तो आता वाटेवर असल्यासारखा भासेल. चालीला अर्थ कोणता यावा हे खालचा स्वर ठरवितो. उपासनामंदिरात चार आवाजांत गाणाऱ्यांना हा अनुभव नित्याचा आहे.

हे सर्व ठाऊक असूनही आमच्या हातून एक चूक घडली. काही वर्षांपूर्वी अंधेरीस आम्ही मुलांचा असा एक वृंद बसविला. बासला स्वर थोडे, म्हणून तो वर्गातील सर्वांत कच्च्या मुलास दिला. त्याचे वडील भेटावयास आले व म्हणाले, "मास्तर, आमच्या मुलाला नुसते भों-भों करावयास का बसविले?" आम्ही काहीतरी गोड बोलून त्यांची बोळवण केली. पुढे तीन आठवडे सारा वृंद ताल सोडून धावू लागला, आणि आम्ही चाल वाजविणाऱ्या मुलांना रागे भरत राहिलो.

एके सायंकाळी बास स्वतः तोंडास लाविला तेव्हा डोळे उघडले. लांब पट्टी उशिरा बोलते. म्हणून फुंकर किंचित आधीच घालावी लागते. ओढून स्वर निघत नसल्याने श्वास दोन स्वरांमधल्या फटीत घ्यावा लागतो, नाही तर भोवळ येते. यांपैकी एकही गोष्ट आम्ही त्या मुलास शिकविली नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर आम्ही आपली चूक कबूल केली व त्यास दुसरे वाद्य देऊ केले. तो म्हणाला, "नको, सर. हेच नीट शिकवा." मग आम्ही दोघे रोज घड्याळाच्या टिकटिकीवर एकेक स्वर घोटू लागलो. संमेलनाच्या दिवशी वृंद धावला नाही. त्याच्या वडिलांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळाले. आमच्या बोलण्याने ते मिळाले नव्हते.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलगा वृंदात असेल तर "तुला पुढे का नाही बसविले?" असे विचारू नये, "तुझ्या स्वरावर कोण कोण उभे आहे?" असे विचारावे. आणि आम्हां शिक्षकांनी खर्जाचे काम देण्यापूर्वी ते प्रथम स्वतः करून पाहावे.