औषध फुकट, पण तिथवर पोचायचं कसं?

सख्यांनो, या महिन्याच्या बैठकीत वाचायचा पाठ एचआयव्हीच्या औषधांबद्दल आहे. वाचताना कुणाकडे वळून बघायचं नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. एवढा एकच नियम.

एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी, सरकारी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात झाली. २०१७ पासून तर तपासणीत एचआयव्ही निघाला की औषध सुरू करतात, तब्येत ढासळायची वाट बघत नाहीत. बहुतेकांना रोज एकच गोळी असते. ती नेमाने घेतली तर विषाणू इतका दबतो की रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण खंड पडला की तो पुन्हा डोकं वर काढतो, आणि वारंवार पडला तर तेच औषध लागू पडेनासं होतं.

मग अडतं कुठे? औषध फुकट आहे, दिवस फुकट नाही. वर्धा शहरातली बाई सकाळी जाऊन दुपारी घरी येते. आष्टी नाहीतर कारंजा तालुक्याच्या टोकावरून वर्ध्याला यायचं तर दिवस मोडतो. कापूसवेचणी किलोवर असते, त्या दिवसाची मजुरी गेली ती गेली. वर घरातून "कशाला चालली?" हा प्रश्न. पुरुषाला तो कोणी विचारत नाही.

एसटीच्या साध्या गाडीत एचआयव्ही असलेल्यांना मोफत प्रवासाची सवलत आहे. पण दाखला कंडक्टरपुढे धरायचा, अन् गाडीत अर्धं गाव बसलेलं! मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं. कागदावर पहिली सवलत मोठी, वापरायला दुसरीच सोपी, कारण तिथे काही सांगावं लागत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेवरही भिस्त ठेवू नका. ती मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रोजची गोळी एआरटी केंद्रातूनच मिळते. तब्येत स्थिर असेल तर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतील का, जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात लिंक एआरटी केंद्र आहे का, हे समुपदेशकाला विचारायचं. कामासाठी परजिल्ह्यात जायचं असेल तर आधी कळवायचं, तिथल्या केंद्रावर नाव बदलून घेता येतं.

एचआयव्हीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाचा आजार दुसऱ्याला सांगणं, त्या कारणाने उपचार नाकारणं त्यात मना आहे. नवरा वारला की सुनेला घराबाहेर काढतात, तेही चालत नाही. ज्या घरात ती राहत होती तिथे राहण्याचा तिला हक्क आहे.

आता आपल्या गटाचं. बैठकीला आली नाही की आपण दंड घेतो. दवाखान्याच्या दिवशी तो माफ करायचा, आणि कोणता दवाखाना हे विचारायचं नाही. अंतर्गत कर्जाच्या नोंदीत "औषधपाणी" एवढं लिहिलं तरी पुरे. माहिती हवी असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. तो गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे कुणालाही तो मागावा लागणार नाही.

बैठकीत बोलायला दोन प्रश्न: आपल्या गावातून एआरटी केंद्रावर जाऊन यायला किती पैसे आणि किती तास लागतात? आणि गटात कुणी काही विश्वासाने सांगितलं, तर ते गटाबाहेर जात नाही ना?